अवकाश स्थानकातील हवागळती

अवकाश स्थानकातील हवागळती : स्थानकाच्या दाबबंद भागातून हवा बाहेरच्या निर्वातात निसटणे. सुमारे 400 किलोमीटर उंचीवरच्या आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकात समुद्रसपाटीइतका हवेचा दाब राखतात. सांध्यांमधून थोडी हवा रोजच जाते आणि ती हिशेबात धरलेली असते. त्यापलीकडची गळती सुरू झाली, की भोक सापडून बुजले म्हणजे काम संपले, असा समज आहे. आजवरच्या घटना तसे सांगत नाहीत. भोक कशाने पडले हे ठरल्याशिवाय दुरुस्ती पुरी झाली असे मानता येत नाही.

शोध अवघड का, हे आकड्यांवरून कळते. एप्रिल 2024 मध्ये या स्थानकातली गळती दिवसाला सुमारे 1.7 किलोग्रॅमपर्यंत गेली. स्थानकातली एकूण हवा हजार किलोग्रॅमहून अधिक, म्हणजे दाबात रोज पडणारा फरक हजारात जेमतेम दीड भाग. हवेचे तापमान एका अंशाने बदलले तरी दाब हजारात तीन भागांनी हलतो. म्हणून एकेका कक्षाची दारे लावून, आतली हालचाल थांबवून, दाब तासन्‌तास पाहावा लागतो. ऑगस्ट 2020 मध्ये तिघा अंतराळवीरांनी त्यासाठी काही दिवस रशियन भागात काढले. पुढे संशय त्याच भागातल्या झ्वेज्दा कक्षावर आला. ऑक्टोबरमध्ये त्या तिघांपैकी अनातोली इवानिशिन यांनी तिथे चहाची पत्ती तरंगत सोडली. ती जिकडे सरकली तिकडे तडा सापडला. त्याआधी जानेवारी 2004 मध्ये अंतराळवीर मायकेल फोल यांनी अल्ट्रासॉनिक यंत्राने खिडकीजवळच्या एका लवचीक नळीतली गळती पकडली होती.

ऑगस्ट 2018 मध्ये स्थानकाला जोडलेल्या सोयुझ यानात सुमारे 2 मिलिमीटरचे छिद्र आढळले. ते ड्रिलचे होते, धातूच्या थकव्याचे नव्हते. त्यामुळे इपॉक्सीत भिजवलेल्या कापडाने ते बुजवल्यावर दाब स्थिर राहिला. जुलै 2000 मध्ये सोडलेल्या झ्वेज्दाच्या मागच्या बोळकांडीत मात्र एक तडा बुजवून गळती थांबली नाही. रशियन अभियंते सूक्ष्म कंपनांमुळे आलेल्या थकव्याला दोष देतात, तर नासाचे अभियंते दाब, धातूतले अंतर्गत ताण आणि वातावरण यांचा एकत्रित परिणाम मानतात. कारणावर एकमत नसताना पुढचा तडा कुठे जाईल, हे सांगणार कसे?

यावर कोणी म्हणेल, दीड-दोन किलो हवा ती काय, मालवाहू यानाने पाठवावी. मराठवाड्याच्या वाचकाला याचे उत्तर वेगळे द्यायला नको. दुष्काळात, 12 एप्रिल 2016 रोजी, मिरजेहून सुमारे 340 किलोमीटर अंतर कापून पहिली पाण्याची रेल्वे पाच लाख लिटर घेऊन लातुरात आली. त्या पाण्याने शहर तगले, पण जिथे प्रत्येक थेंब गाडीने येतो तिथे गळतीची किंमत वाढते, घटत नाही. शिवाय खरा धोका गेलेल्या हवेचा नसून तडा अचानक फाकण्याचा आहे. नासाच्या महानिरीक्षकांच्या सप्टेंबर 2024 च्या अहवालानुसार नासानेही या बोळकांडीतल्या गळतीचा धोका सर्वोच्च श्रेणीत धरला होता.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे : तो भाग कायमचा बंद करावा. जून 1997 मध्ये मालवाहू यान आदळल्यावर मीर स्थानकाचा स्पेक्त्र कक्ष असाच बंद करून माणसे वाचली. तातडीच्या वेळी हाच मार्ग योग्य, आणि झ्वेज्दाची बोळकांडीही एरवी बंदच ठेवतात. पण तिच्या टोकाला यान जोडण्याचे दार आहे. बोळकांडी सोडली की तेही गेले. शिवाय बंद दाराआडचा दाबही फसवा असू शकतो. जून 2025 मध्ये दुरुस्तीनंतर बोळकांडीतला दाब स्थिरावला, तेव्हा तडे खरोखर बुजले की दाराच्या सीलमधून स्थानकाची हवा तिकडे शिरते आहे, असा प्रश्न उभा राहिला. त्याच्या तपासासाठी भारतीय अंतराळवीर शुभांशू शुक्ला यांचे ॲक्सिअम-4 उड्डाण लांबणीवर पडले आणि 25 जूनला झाले. भारताला 2035 पर्यंत स्वतःचे स्थानक उभारायचे आहे. म्हणून त्याच्या भिंतींचा प्रत्येक सांधा, आतली उपकरणे बाजूला सारून, माणसाच्या हाताला आणि यंत्राला तपासता येईल अशी रचना पहिल्या आराखड्यातच हवी.