सिंह राशीतलं बिनताऱ्यांचं कडं

आजची गोष्ट 1983 सालची, पोर्तो रिकोमधल्या आरेसिबोची. तिथं डोंगरातल्या खळग्यात 305 मीटर व्यासाची रेडिओ दुर्बीण होती. (2020च्या डिसेंबरात ती कोसळली, व्हिडिओ पाहिला असेलच तुम्ही.) श्नायडर, हेलू, साल्पीटर आणि तेरझियन या चौघांना सिंह राशीतल्या एम 96 या दीर्घिकांच्या गटातून 21 सेंटिमीटर तरंगलांबीचा सिग्नल मिळाला. ही थंड हायड्रोजनची ओळखखूण. आपल्या नारायणगावजवळची जीएमआरटीसुद्धा ती टिपते. पण सिग्नल येत होता त्या जागेचे फोटो काढून बघितले, तर तिथं कोरा काळोख. एक तारा नाही!

पुढे नकाशा काढला तेव्हा दोन दीर्घिकांभोवतीचं तुटक कडं दिसलं. व्यास सुमारे साडेसहा लाख प्रकाशवर्षं, आणि त्यात दीड अब्जाहून जास्त सूर्य होतील इतका हायड्रोजन. यातला साल्पीटर म्हणजे कुठल्या वजनाचे तारे किती जन्मतात याचं गणित मांडणारा माणूस. त्याच्याच वाट्याला हा बिनताऱ्यांचा ढग यावा!

मग प्रश्न आला, हा वायू कुठला? कडं एक फेरी पूर्ण करायला साधारण 4 अब्ज वर्षं घेतं, असा हिशोब निघाला. म्हणजे ते फार जुनं असणार. त्यामुळे विश्वाच्या सुरुवातीचा, कधीच न वापरलेला वायू इथं शिल्लक राहिलाय, ही कल्पना रुजली. मला विचाराल तर ती टिकली त्यात तिच्या देखणेपणाचाही हात होता.

2009 मध्ये गॅलेक्स या उपग्रहाला कड्यात अतिनील प्रकाशाचे ठिपके दिसले. म्हणजे कोवळे तारे होते की! तरीही कोऱ्या वायूतून तारे जन्मतायत, असाच अर्थ लावला गेला. लगेच 2010 मध्ये दुसऱ्या गटानं कॉम्प्युटरवर टक्कर घडवून दाखवली: अब्जाहून जास्त वर्षांपूर्वी दोन दीर्घिका धडकल्या, तर नेमकं असंच कडं उरतं.

निकाल लागला तो 2021 मध्ये. चिलीतल्या व्हीएलटी दुर्बिणीनं कड्यातल्या वायूचा वर्णपट घेतला, आणि त्यात ऑक्सिजनसारखी जड मूलद्रव्यं जवळपास सूर्याइतक्या प्रमाणात सापडली. ही मूलद्रव्यं ताऱ्यांच्या पोटातच शिजतात. म्हणजे वायू कोरा नव्हताच, कुठल्यातरी दीर्घिकेतून ओढून बाहेर फेकला गेला होता. अडतीस वर्षं गेली हे कळायला.

आता नजर आहे क्लाउड-9 वर. एम 94 दीर्घिकेजवळचा हा छोटा, गोलसर ढग चीनच्या फास्ट दुर्बिणीनं 2023 मध्ये हेरला. हबलनं तिथं तारे शोधले, सापडले नाहीत. हा खरंच कोरा असावा, असं बऱ्याच जणांना वाटतंय. कड्याची गोष्ट माहीत असल्यामुळे मी मात्र पैज लावणार नाही.