मराठी वास्तववादाचा उगम

नारो सदाशिव रिसबूड यांची ‘मंजुघोषा’ ही कादंबरी १८६८ सालीं प्रसिद्ध झाली. तिच्या प्रस्तावनेंत त्यांनीं एक प्रांजळ अडचण मांडली आहे. बालपणींच लग्नें उरकणाऱ्या व रूढींनीं जखडलेल्या आपल्या समाजाच्या नित्य आयुष्यांत चित्तवेधक असें कांहीं घडतच नाहीं. तेव्हां कादंबरीकारास अद्भुताकडे वळण्यावांचून गत्यंतर नाहीं, असा त्यांच्या म्हणण्याचा मथितार्थ. मराठी वास्तववादाचा इतिहास म्हणजे या अडचणीला मिळालेलें उत्तर होय.

यूरोपांत हें उत्तर आधींच मिळूं लागलें होतें. फ्रान्समध्यें बाल्झाकनें घर, दुकान व कर्ज यांचा व्यवहार कादंबरींत आणिला. १८५७ सालीं फ्लोबेरची ‘मादाम बोव्हारी’ ग्रंथरूपानें निघाली. तिची नायिका एका सामान्य वैद्याची असंतुष्ट पत्नी आहे. त्याच वर्षीं मराठींत बाबा पदमनजी यांचें ‘यमुनापर्यटन’ अवतरलें. त्यांतील विधवांचीं दुःखें खरीं आहेत. परंतु धर्मोपदेशाचा हेतु प्रबळ असल्यामुळें तेथील माणसें बहुधा दृष्टांतापुरतींच उरतात. विषय खरा असला म्हणजे चित्रण वास्तववादी होतेंच असें नाहीं.

तें साधलें हरि नारायण आपटे यांना. १८९० सालीं त्यांनीं ‘करमणूक’ हें साप्ताहिक काढिलें व त्यांतून ‘पण लक्षांत कोण घेतो!’ ही कादंबरी क्रमशः दिली. बालविवाह, सासुरवास, वैधव्य, केशवपन, म्हणजे रिसबुडांना ज्या आयुष्यांत गोष्ट सांपडली नाहीं, तेंच आयुष्य येथें यमू स्वतःच्या तोंडानें सांगते. वास्तववादाचीं लक्षणें या एका ग्रंथांत स्पष्ट दिसतात. नायिका सामान्य घरांतील, काळ चालू, भाषा माजघरांतील. प्रत्येक घटनेमागें कारण आहे, आणि शेवट गोड करण्याचा आग्रह नाहीं. दुष्ट माणसें येथेंही आहेत. पण त्यांच्या हातांतील शस्त्र रूढीनें दिलेलें आहे आणि भलीं माणसें तें पाहून गप्प बसतात.

म्हणूनच या चित्रणाला केवळ हुबेहुब नक्कल म्हणतां येत नाहीं. विधवाविवाहास १८५६ च्या कायद्यानें मान्यता मिळाली होती. १८९१ च्या कायद्यानें मुलींचें संमतिवय दहावरून बारा वर्षें केलें. तरीही यमूचे केस वांचले नाहींत. कायद्याच्या पुस्तकांतील हक्क घराच्या उंबरठ्याशीं कसा अडतो, हें वास्तववादानें वाचकास दाखविलें आणि त्या वाचकालाच साक्षीदार केलें. कादंबरीचें नांव हाच त्याला विचारलेला प्रश्न आहे.

या प्रयत्नालाही मर्यादा होती. आपट्यांचा समाज मुख्यतः पुण्या-मुंबईकडील पांढरपेशांचा. पारशिवनीसारख्या विदर्भांतील गांवास यमूचें दुःख ओळखीचें, पण तिची भाषा दूरची. पुढें १९६० सालीं उद्धव शेळके यांच्या ‘धग’ मध्यें वऱ्हाडी बोली बोलणारी, दारिद्र्याशीं झुंजणारी कौतिक आली आणि तें अंतर पुष्कळ कमी झालें.

ज्या आयुष्यांत ‘कांहीं घडत नाहीं’ असें म्हटलें जातें, तेथें बहुधा पाहणारा पोंचलेला नसतो. तो पोंचला, म्हणजे वास्तववादास आरंभ होतो.