भांडी कुणी घासली?

मागच्या भाषणात आपण गटाच्या नोंदवह्या आणि कर्जाचे हप्ते यावर बोललो होतो. आजचा विषय लांबचा आहे, थेट फ्रान्स देशातला. पण तो आमच्यापर्यंत आला कपिलधारच्या यात्रेत, चुलीपाशी.

कार्तिकी पौर्णिमेला मन्मथस्वामींच्या समाधीला किती गर्दी होते, हे मांजरसुंबा-बीडकडच्या बायांना सांगायला नको. महाराष्ट्रातून, कर्नाटकातून, तेलंगणातून दिंड्या येतात. आमच्या गटाच्या बाया तिथं पाल टाकून भाकरी, पिठलं, ठेचा विकतात. दोन दिवस कंबर मोडते, पण कमाई चांगली होते.

त्या दुपारी एक ताई जेवायला बसल्या. माहेर इकडचं, संसार पुण्याला. नुकत्याच बायकांच्या सहलीबरोबर युरोप फिरून आलेल्या. बोलता बोलता त्यांनी मोबाईल पुढं केला. फ्रान्समधलं ल्योन शहर, रात्रीची वेळ, टेबलावर पांढरीशुभ्र चादर, एकीच्या पुढ्यात तीन-तीन काचेचे पेले, आणि परातीएवढ्या बशीत मधोमध चिमूटभर पदार्थ. आमची एक मावशी म्हणाली, "एवढंच? मांजराला तरी पुरंल का?" सगळ्या हसल्या. ताईही हसल्या. मग म्हणाल्या, "चव किती कळली ते सोडा. पण अडीच तास मी एका जागी बसले आणि एकदाही उठले नाही. लग्नाला एकोणतीस वर्षं झाली, असं पहिल्यांदाच झालं."

पालात जरा शांत झालं. मग भाकरी थापणाऱ्या आक्का तव्यावरची नजर न काढता म्हणाल्या, "आन् भांडी कुनी घासली?"

ताईंना काही सांगता येईना. आम्हालाही येईना. बी.ए.ला इतिहास घेतला होता, त्यात लढाया होत्या, तह होते, भांडी नव्हती. मग वाचनालयातून पुस्तकं आणली आणि शोधायला बसलो. जे सापडलं ते आज तुमच्यासमोर ठेवतोय.

आधी 'रेस्टॉरंट' हा शब्द घ्या. पॅरिसमध्ये अडीचशे वर्षांपूर्वी हा शब्द जागेसाठी नव्हता, खाण्याच्या वस्तूसाठी होता. अशक्त माणसाला ताकद यावी म्हणून देतात ते कढण, त्याला रेस्टॉरंट म्हणायचे. आपण बाळंतिणीला, आजाऱ्याला देतो तशातलंच. असं कढण विकणारी दुकानं निघाली आणि दुकानालाच ते नाव पडलं. त्याआधी बाहेर जेवायचं तर खाणावळीत ठरल्या वेळी एकाच लांब टेबलावर बसायचं आणि मालक वाढेल ते खायचं. नव्या दुकानांत वेगळं टेबल, आपल्या सोयीची वेळ आणि किमती लिहिलेलं कार्ड मिळू लागलं. 'तुम्हाला काय हवं?' असा प्रश्न विचारला जाऊ लागला. पुढं १७८९ साली फ्रान्समध्ये क्रांती झाली. सरदार-उमराव पळाले, मारले गेले. त्यांच्या वाड्यांतले स्वयंपाकी बेकार झाले, आणि त्यांतल्या कित्येकांनी रेस्टॉरंटं काढली. राजवाड्यातलं जेवण पैसे मोजणाऱ्या कुणालाही मिळायला लागलं.

एक एक पदार्थ मागून आणून वाढण्याची रीतसुद्धा तशी जुनी नाही. आधी तिथंही सगळे पदार्थ एकदमच टेबलावर मांडत. एकामागून एक आणण्याला ते लोक रशियन पद्धत म्हणत, आणि ती एकोणिसाव्या शतकात रुळली. आपल्या पंगतीची शिस्त काही कमी नाही बरं का. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर डावीकडं, भाज्या उजवीकडं, आधी वरण-भात. कुठला पदार्थ कुठं, याचा हिशोब आपल्या आज्यांना पाठ होता. फरक एवढाच, की तो हिशोब पाठ असणारी बाई स्वतः शेवटच्या पंगतीला, उरलंसुरलं घेऊन बसायची.

आता आपल्या बाया परदेशी टेबलावर कधी बसल्या? १८८३ साली दोघी निघाल्या. एक आनंदीबाई जोशी, वय अठरा, कोलकात्याहून अमेरिकेला डॉक्टरकी शिकायला. दुसऱ्या पंडिता रमाबाई, लहानग्या मुलीला, मनोरमाला, घेऊन इंग्लंडला. मौजमजेला गेलेल्या नव्हेत. त्यांना तिथलं टेबल सुखाचं नव्हतं. आनंदीबाईंनी निघायच्या आधीच भरसभेत सांगितलं होतं, की हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन. शाकाहार सोडला नाही, लुगडं सोडलं नाही. ती थंडी, ते अपुरं खाणं, तो अभ्यास, त्यात शरीर खंगलं. १८८६ साली डॉक्टर झाल्या आणि १८८७ च्या फेब्रुवारीत पुण्याला वारल्या. बावीस वर्षंसुद्धा पुरी नव्हती.

रमाबाईंचं वेगळंच. इंग्लंडात त्यांनी ख्रिस्ती धर्म घेतला. मग तिथल्या सिस्टर म्हणायला लागल्या, आता खाण्याचे नियम कशाला, हा जातीचा अभिमान सोडा. मांस तर राहू द्या, ज्यात अंडं घातलंय ते गोड पुडिंगही रमाबाई खाईनात. त्यांनी पत्रात जे विचारलं त्याचा मतलब असा: एखादी इंग्रज बाई हिंदूंच्यात राहायला आली आणि तिनं आपल्या सवयी बदलल्या नाहीत, तर तुम्ही तिला गर्विष्ठ म्हणाल का? पंचविशीतली विधवा, परक्यांच्या आसऱ्याला राहिलेली, आणि आश्रय देणारणीला हे विचारते! आम्हाला हा सगळ्या शोधातला फार आवडलेला भाग. धर्म बदलला, पण माझ्या पानात काय असावं हे मीच ठरवणार.

आणि इकडं घरी काय चाललं होतं? १८९० साली पुण्यात पंचहौद मिशनमध्ये टिळक, रानडे आणि इतर बरीच मंडळी गेली होती. तिथं चहा-बिस्किटं आली. ती कुणी घेतली याची नावं वर्तमानपत्रात छापून आली आणि वाद शंकराचार्यांपर्यंत गेला. प्रायश्चित्तं झाली. नावं छापायला देणारे कोण, तर गोपाळराव जोशी, आपल्या आनंदीबाईंचे यजमान. एका कपाचं एवढं रामायण होत होतं त्या काळात, म्हणजे बायकोला सातासमुद्रापार धाडणं काय असेल ते बघा.

पण आक्कांच्या प्रश्नाचं उत्तर या दोघींकडं नाही. ते पार्वतीबाई आठवल्यांकडं आहे. या कोकणातल्या, तरुणपणीच विधवा झालेल्या. धोंडो केशव कर्व्यांच्या हिंगण्याच्या आश्रमासाठी गावोगाव वर्गणी गोळा करायच्या. १९१८ साली, अठ्ठेचाळीसाव्या वर्षी, त्या अमेरिकेला गेल्या. इंग्रजी जेमतेम, पैसे त्याहून जेमतेम. मग काय केलं? लोकांच्या घरी घरकाम धरलं. ज्या देशात आनंदीबाई टेबलाशी बसल्या होत्या, त्याच देशात पार्वतीबाई टेबल आवरायला उभ्या राहिल्या. परत येऊन त्यांनी 'माझी कहाणी' लिहिली, ती १९२८ साली छापली गेली. तर आक्का, परदेशात भांडी कुणी घासली असं विचाराल, तर एक नाव आपल्यातलंच निघतं.

आता परत त्या ताईंच्या ल्योनला जाऊ. मोठमोठ्या रेस्टॉरंटांत मुख्य आचारी पुरुषच असत. घरात चूल बाईची, पण चुलीतून पैसा आणि नाव मिळायला लागलं की तिथं पुरुष! ल्योन मात्र या बाबतीत वेगळं. तिथं श्रीमंतांच्या घरी स्वयंपाकाला असलेल्या बाया नोकरी सुटली की स्वतःची खाणावळ काढत. लोक त्यांना 'मेर' म्हणायचे, म्हणजे आई. आपल्याकडं मावशींची खाणावळ म्हणतात, तसंच.

त्यांतली एक युजेनी ब्राझिये. १८९५ चा जन्म, शेतकऱ्याची पोर. दहा वर्षांची असताना आई गेली, मग दुसऱ्यांच्या शेतांवर गुरं राखली. एकोणिसाव्या वर्षी लग्नाशिवाय मूल झालं, बापानं घराबाहेर काढलं. ल्योनला येऊन ती एका घरी कामाला राहिली, मग एका मेरच्या हाताखाली शिकली. १९२१ साली तिनं जुन्या किराणा दुकानाच्या जागेत आपली छोटी खाणावळ काढली. फ्रान्समध्ये मिशलॅं नावाची टायर कंपनी हॉटेलांना तारे देते. तीन तारे म्हणजे सगळ्यात वरचा मान. १९३३ साली युजेनीच्या दोन हॉटेलांना मिळून सहा तारे मिळाले, आणि असे सहा तारे मिळवणारी ती जगातली पहिली व्यक्ती. पॉल बोक्यूज हा पुढं जगभर गाजलेला आचारी, तोही उमेदवारीला तिच्याच स्वयंपाकघरात होता. तिचा प्रसिद्ध पदार्थ कोंबडीचा. त्याची कृती काही आम्ही सांगत बसत नाही, कपिलधारच्या पालातून निघालेल्या भाषणात ते शोभायचं नाही.

हे वाचताना आम्हाला सारखं मुंबईचं गिरणगाव आठवत होतं. कोकणातून, घाटावरून एकटे आलेले गिरणी कामगार खाणावळवालींकडं जेवायचे. बाई पहाटेपासून चुलीपुढं, आणि किराणा उधार, सावकाराचं व्याज डोक्यावर. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी या बायांची अन्नपूर्णा महिला मंडळ ही संघटना बांधली. तारण ठेवायला काही नसलेल्या या बाया एकमेकींना जामीन राहिल्या आणि बँकेचं कर्ज मिळालं. आपल्या गटाची रीत वेगळी काय आहे? १९८२ च्या संपानं गिरण्या बसल्या तेव्हा या चुलीही हलल्या, पण संघटना टिकली. युजेनीला तारे मिळाले. आपल्या खाणावळवालींना तारे द्यायला कुणी आलं नाही.

आता त्या काचेच्या पेल्यांचं. ताईंनी वाइन घेतली होती, आणि आमच्यासमोर ते सांगताना आवाज खाली आणला होता. का आणला, ते आपल्याला माहीत आहे. आपल्यातल्या कितीतरी घरांत बाटलीनं काय केलंय ते आम्ही गटाच्या बैठकीत ऐकतो. हप्ता का चुकला याचं कारण एकच असतं. गावातलं दुकान बंद करायला बायांनी 'आडवी बाटली'चं मतदान मागायचं आणि निम्म्याहून जास्त बायांनी आडव्या बाटलीवर शिक्का मारायचा, हा नियम काही उगाच झाला नाही. अमेरिकेतल्या बायांनीही दारूविरुद्ध मोठी चळवळ केली होती. पंडिता रमाबाई ती बघून आल्या, तिच्यासाठी व्याख्यानं दिली आणि १८८९ च्या आपल्या अमेरिकेवरच्या पुस्तकात तिच्याबद्दल लिहिलं.

तरी वाइनच्या इतिहासात एक बाई आहे तिचं सांगितल्याशिवाय राहवत नाही. शॅम्पेन म्हणजे फसफसणारी वाइन. तिचं एक नामांकित घराणं आहे, 'वव क्लिको'. 'वव' म्हणजे विधवा! बाटलीवर अजूनही तेच छापतात. १८०५ साली नवरा वारला तेव्हा बार्ब-निकोल सत्तावीस वर्षांची होती, पदरी एक मुलगी. सासऱ्याकडून भांडवल घेऊन तिनं धंदा पुढं चालवला. बाटलीत गाळ राहून वाइन गढूळ व्हायची. भोकं पाडलेल्या टेबलात बाटल्या उलट्या धरून, रोज थोड्या फिरवून गाळ तोंडाशी आणायची युक्ती तिच्याच कारखान्यात निघाली. ती धंदा करू शकली ती विधवा होती म्हणूनच. त्या काळच्या फ्रेंच कायद्यात नवऱ्याची बाई त्याच्या परवानगीशिवाय व्यापार करू शकत नव्हती. आणि हे तर ऐकाच: फ्रान्समध्ये लग्न झालेल्या बाईला नवऱ्याला न विचारता बँकेत खातं उघडायचा हक्क १९६५ साली मिळाला. आमच्या बैठकीत हे वाचून दाखवलं तेव्हा एकीनं पिशवीतलं पासबुक काढून उगाच उघडून पाहिलं.

आपल्याकडं नाशिकची द्राक्षं वाइनला जातात. नारायणगावला १९८० च्या दशकात शामराव चौगुल्यांनी फ्रेंच तंत्रानं शॅम्पेनसारखी वाइन काढून परदेशी पाठवली. २००१ साली सरकारनं द्राक्ष प्रक्रियेचं धोरण आणलं, मग नाशिककडं कारखाने वाढले. आता तिथं पर्यटक जातात, टेबलावर बसतात, पेले हलवून वास घेतात. जानेवारी २०२२ मध्ये मोठ्या किराणा दुकानांत वाइन विकायचा निर्णय झाला तेव्हा राज्यभर विरोध झाला. आमच्या गटातही दोन तट पडले. एक म्हणाली, द्राक्षवाल्या शेतकऱ्याला दोन पैसे मिळतील. दुसरी म्हणाली, आमच्या घरात बाटली शिरली की ती द्राक्षाची का उसाची हे कोण विचारतंय? आमचं मत दुसरीकडं झुकतं. पण पुण्याच्या त्या ताईंनी स्वतःच्या पैशानं, स्वतःच्या मनानं एक पेला घेतला, त्यावर बोट ठेवायची आमची इच्छा नाही.

हे सगळं मागच्या महिन्याच्या बैठकीत सांगितलं. आक्का ऐकत होत्या. शेवटी ठरलं असं, की पुढच्या यात्रेनंतर पाल आवरलं की गटाच्या चौदा बायांनी एक दिवस पहिल्या पंगतीला बसायचं. डाव्या बाजूला चटणी-कोशिंबीर, आधी वरण-भात, मग पुरणपोळी, एकामागून एक, आणि जेवण होईपर्यंत एकीनंही उठायचं नाही. वाढायला घरातले पुरुष. नोंदवहीत त्यासाठी पान काढलं. वाढप्यांची चार नावं आली: दोघींचे मुलगे, एकीचे दीर आणि आक्कांचे यजमान. भांड्यांपुढची जागा अजून रिकामी आहे.