पाणी नेमके कुठे मुरत होते?

आजचा थ्रेड एका बाटलीविषयी आहे. प्रयोगशाळेत प्राण्यांच्या अथवा माणसाच्या पेशी शरीराबाहेर वाढवतात, तेव्हा त्यांना एका गुलाबीसर द्रवात ठेवतात. त्याला संवर्धन माध्यम म्हणतात. जीवशास्त्राच्या इतिहासात पेशींची नावे येतात, शास्त्रज्ञांची येतात. या द्रवाचे नाव कोणी घेत नाही. तरीही गेल्या शंभरेक वर्षांत याच द्रवाने भल्याभल्यांना चकवले, आणि अगदी अलीकडे, २०१६ साली, त्यातून निघालेल्या आरएनएने एका संपूर्ण संशोधनशाखेला आपल्या नोंदी पुन्हा तपासायला लावल्या. तिथवर पोहोचण्याआधी थोडे मागे जावे लागेल.

१७ जानेवारी १९१२. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये अ‍ॅलेक्सिस कॅरेल या फ्रेंच शल्यविशारदाने कोंबडीच्या गर्भातील हृदयाचा एक तुकडा काचपात्रात ठेवला. रक्तवाहिन्या शिवण्याच्या तंत्राबद्दल त्याच वर्षी त्याला नोबेल मिळाले, त्यामुळे त्याच्या शब्दाला वजन होते. हा तुकडा मरेना. महिने गेले, वर्षे गेली. न्यूयॉर्कची वृत्तपत्रे त्या ‘अमर हृदया’चे वाढदिवस छापू लागली. कॅरेल १९४४ मध्ये वारला, पेशी मात्र जिवंतच होत्या. अखेर १९४६ मध्ये त्याचा सहकारी अल्बर्ट एबेलिंग याने ते संवर्धन थांबवले. चौतीस वर्षे! एवढे आयुष्य कोणत्या कोंबडीला लाभते?

यावरून निघालेला निष्कर्ष मोठा होता : पेशी स्वभावतः अमर आहेत, म्हातारे होते ते शरीर. हा निष्कर्ष पाठ्यपुस्तकांत गेला. इतर प्रयोगशाळांत पेशी काही महिन्यांत थकून मरत, तेव्हा संशोधक स्वतःलाच दोष देत. आपले हात कच्चे, आपली स्वच्छता अपुरी; कॅरेलच्या प्रयोगशाळेत म्हणे सारे काळे झगे घालून वावरतात, आपल्याकडे ती शिस्त कुठली?

१९६१ मध्ये फिलाडेल्फियाच्या विस्टार इन्स्टिट्यूटमधील लिओनार्ड हेफ्लिक आणि पॉल मूरहेड यांनी दाखवले की माणसाच्या सामान्य पेशी सुमारे पन्नास वेळा दुप्पट होतात आणि मग थांबतात. हेफ्लिकची युक्ती मला आजही मोहक वाटते. पेशी थांबतात त्या माध्यमातील एखाद्या दोषामुळे, ही शंका कोणीही घेणार हे त्याला ठाऊक होते. म्हणून त्याने सुमारे चाळीस वेळा दुप्पट झालेल्या पुरुषाच्या पेशी आणि दहाच वेळा दुप्पट झालेल्या स्त्रीच्या पेशी एकाच बाटलीत मिसळल्या. द्रव तोच, ऊब तीच. काही काळाने पाहिले तर उरल्या होत्या केवळ स्त्रीच्या पेशी. दोष द्रवात असता तर दोन्ही मेल्या असत्या.

हा शोधनिबंध पहिल्यांदा ज्या नियतकालिकाने नाकारला, ते रॉकफेलर इन्स्टिट्यूटचेच होते. कॅरेलचा १९१२ चा मूळ निबंधही तिथेच छापला गेला होता.

मग कॅरेलच्या पेशी जगल्या कशा? हेफ्लिकने सुचवलेले स्पष्टीकरण आज सर्वाधिक ग्राह्य मानले जाते. त्या पेशींना खाद्य म्हणून कोंबडीच्या गर्भाचा अर्क दिला जाई. गर्भ बारीक करून, सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून वरचा द्रव घेत. त्या द्रवात काही जिवंत पेशी राहून जात असाव्यात. म्हणजे प्रत्येक जेवणासोबत पात्रात ताज्या दमाचे पाहुणे येत, आणि यजमान कधीच मरून गेलेले! हे नकळत घडले की कोणी कानाडोळा केला, यावर इतिहासकारांत मतभेद आहेत.

कॅरेलचा अर्क मागे पडला, पण मूळ सवय गेली नाही. १९५१ मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात जॉर्ज गाय याने हेन्रिएटा लॅक्स या कर्करोगग्रस्त स्त्रीच्या पेशी वाढवल्या, त्या जगप्रसिद्ध ‘हेला’ पेशी. त्यांच्या खाद्यात कोंबडीचा प्लाझ्मा, वासराच्या गर्भाचा अर्क आणि माणसाच्या नाळेतील रक्त असे सारे होते. हे स्वयंपाकघर नीट लावण्याचा प्रयत्न हॅरी ईगल याने केला. पेशीला नेमके काय लागते, हे एकेक घटक वगळून त्याने शोधले. तेरा अमिनो आम्ले, जीवनसत्त्वे, क्षार, ग्लुकोज. १९५५ ते १९५९ या काळात सिद्ध झालेली त्याची माध्यमे आजही वापरात आहेत. परंतु या शुद्ध यादीवर पेशी वाढेनात. त्यात थोडे सीरम, म्हणजे रक्त गोठल्यावर वर राहणारा पिवळसर द्रव, घालावेच लागे. पुढे त्यासाठी गाईच्या पोटातील वासराचे सीरम रूढ झाले, कारण त्यात वाढीला चालना देणारे घटक भरपूर आणि प्रतिपिंडे अत्यल्प असतात. कत्तलखान्यात गाभण गाय आली की तिच्या गर्भाच्या हृदयातून ते रक्त काढतात. माध्यमात त्याचे प्रमाण साधारण दहा टक्के. नव्वद टक्के द्रवाची यादी मिलिग्रॅमपर्यंत ठाऊक, आणि उरलेल्या दहा टक्क्यांत काय आहे ते कोणीच लिहून ठेवलेले नाही!

या दहा टक्क्यांतून पहिला आगंतुक निघाला तो विषाणू. गुरांमध्ये अतिसार घडवणाऱ्या एका विषाणूचा जनुकीय मजकूर आरएनएमध्ये लिहिलेला असतो. गाभण गाईला तो जडला की वारेतून गर्भात पोहोचतो. गर्भाची प्रतिकारशक्ती तोवर घडलेली नसेल, तर वासराचे शरीर त्या विषाणूला आपलाच मानते आणि जन्मभर बाळगते. अनेक गर्भांचे सीरम एकत्र करून बाटल्या भरल्या जात असल्याने एक बाधित वासरू सारा साठा नासवू शके. त्यात या विषाणूचे अनेक प्रकार पेशींना मारतही नाहीत. सूक्ष्मदर्शकाखाली सारे आलबेल! यावर उपाय म्हणून सीरमवर गॅमा किरणांचा मारा करू लागले. त्याने विषाणू निष्प्रभ होतो. त्याच्या आरएनएचे तुकडे मात्र द्रवात तसेच सापडू शकतात.

त्या तुकड्यांची फिकीर तेव्हा कोणाला होती? आरएनए मोजण्याइतकी सूक्ष्म साधनेच नव्हती.

ती आली, आणि २००७ मध्ये स्वीडनमधील गोथेनबर्ग येथील यान लोटवाल यांच्या गटाने जाहीर केले की पेशी एक्सोसोम नावाच्या अतिसूक्ष्म पुटिका बाहेर सोडतात, त्यांत आरएनए असतो आणि तो दुसऱ्या पेशीत जाऊन कामही करू शकतो. म्हणजे पेशी एकमेकींना जणू पत्रे धाडतात! रक्तातील ही पत्रे वाचून कर्करोग लवकर ओळखता येईल, या आशेने जगभर प्रयोगशाळा कामाला लागल्या. कृती सोपी होती. पेशी वाढवायच्या, भोवतालचा द्रव काढून घ्यायचा, त्यातला आरएनए वाचायचा.

पण तो द्रव कोरा होता का? सीरम हे रक्तच. वासराच्या पेशींनीही आपली पत्रे त्यात टाकलेली. ही शंका संशोधकांना होती, म्हणून सीरम आधी अतिवेगवान सेंट्रिफ्यूजमध्ये गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे लाख पट बलाने फिरवत. २०१४ मध्ये लोटवाल यांच्याच गटाने दाखवले की दीड तास फिरवणे अपुरे पडते. अठरा तास फिरवल्यास आरएनए असलेल्या सुमारे ९५ टक्के पुटिका निघून जातात. अनेकांनी सुटकेचा निःश्वास टाकला असेल.

तो दोनच वर्षे टिकला. २०१६ मध्ये बोस्टनमधील झियुन वेई, अ‍ॅना क्रिचेव्हस्की आणि सहकाऱ्यांनी अशा ‘स्वच्छ’ सीरममधील आरएनए वाचून पाहिला. दीर्घकाळ फिरवूनही सीरममधील आरएनएच्या प्रकारांपैकी ७० टक्क्यांहून अधिक तसेच शिल्लक होते. आकडे परस्परविरोधी वाटतील, पण पुटिका तळाशी बसल्या तरी सारा आरएनए पुटिकांत नसतो; प्रथिनांना बिलगलेला आरएनए वरच तरंगत राहतो. आणि खरा घोळ पुढेच आहे. उत्क्रांतीत जपले गेलेले कित्येक छोटे आरएनए गाईत आणि माणसात अक्षरशः सारखे असतात. यंत्र अक्षरे वाचते. ती कोणाच्या हातची, हे त्याला कळत नाही. गाईचे पत्र माणसाच्या नावावर जमा होते. मायक्रोआरएनए-१२२ हा मूळचा यकृतातला, ४५१ए हा तांबड्या रक्तपेशींतला. अन्य संशोधकांनी संवर्धित पेशींचे संदेश म्हणून नोंदवलेल्या आरएनएंत हे दोन्ही होते, आणि वासराच्या सीरममध्ये ते मुबलक निघाले. सार्वजनिक संग्रहांत साठवलेल्या जुन्या नोंदींतही ही भेसळ दिसली. त्याहून वाईट म्हणजे पेशी सीरममधील आरएनए पोटात घेतात, त्यामुळे पेशीच्या आतला आरएनए मोजला तरी निर्धास्त राहता येत नाही.

मग सीरम वगळावे? तसे करून पाहिले गेले. २०१७ मध्ये उरुग्वेतील हुआन पाब्लो तोसार आणि सहकाऱ्यांनी, तर २०१९ मध्ये जर्मनीतील माइंत्सच्या संशोधकांनी दाखवले की सीरमविरहित माध्यमांत घालायच्या पूरकांतूनही आरएनए येतो. कारण त्यातली काही प्रथिने प्राण्यांच्याच अवयवांतून काढलेली असतात. कॅटलेज हे विकर, उदाहरणार्थ, बहुधा गाईच्या यकृतातून मिळवतात. आणि १२२ क्रमांकाचे घर तर यकृतच.

२०१८ साली या शाखेच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना नव्याने निघाल्या. पेशींचा स्पर्शही न झालेले माध्यम जोडीला तपासावे, असे त्यांत सुचवले आहे. म्हणून आता सावध प्रयोगशाळांत पेशींच्या बाटल्यांशेजारी उबवणी कपाटात आणखी एक बाटली ठेवतात. तितकेच तास, तितकीच ऊब, तेच गुलाबी माध्यम, नंतर तीच सारी चाचणी. फक्त त्या बाटलीत एकही पेशी नसते.