दोन अपस्ट्रीम, एकच खड्डा

मंडळी, आज जरा आमच्या धंद्याचा इतिहास. नगरमधला एखादा छोटा इंटरनेटवाला "आमच्याकडे दोन कंपन्यांची लाईन आहे, नेट जाणारच नाही" असं छातीठोकपणे सांगतो, तेव्हा तो नक्की काय सांगत असतो?

पूर्वी दोन लाईन असून फारसा उपयोगच नव्हता. ऐंशीच्या दशकातलं इंटरनेट झाडासारखं मानलेलं होतं. मधे एक खोड, बाकी सगळ्या फांद्या. तेव्हाचा ईजीपी हा प्रोटोकॉल तेच गृहीत धरायचा, आणि एका फांदीला दोन खोडं असली की गडबडायचा. १९८९ च्या जानेवारीत ऑस्टिनला एक बैठक भरली होती. तिथे जेवता जेवता सिस्कोचे कर्क लॉहीड आणि आयबीएमचे याकोव्ह रेख्टर यांनी नॅपकिनवर (कुणी दोन म्हणतं, कुणी तीन) नवा प्रोटोकॉल खरडला. तोच बीजीपी. कल्पना अगदी साधी. रस्ता सांगताना तो कुठल्या कुठल्या नेटवर्कमधून आला त्यांचे नंबर ओळीने सांगायचे, आणि त्या यादीत आपलाच नंबर दिसला की तो रस्ता सोडून द्यायचा. चकवा लागायचा प्रश्न मिटला. खोडाची गरज संपली. तात्पुरती सोय म्हणून केलेली ही गोष्ट (तिची चौथी आवृत्ती) आजही अख्खं इंटरनेट चालवते :)

आपल्याकडे मात्र खोडच खोड होतं. १५ ऑगस्ट १९९५ ला व्हीएसएनएलने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं आणि नोव्हेंबर १९९८ पर्यंत दुसरं दुकानच नव्हतं. मग खाजगी कंपन्यांना परवाने मिळू लागले: 'ए' देशभराचा, 'बी' राज्याच्या सर्कलचा आणि 'सी' एका टेलिफोन जिल्ह्यापुरता. या 'सी'ला त्या काळी फारसं कुणी विचारत नव्हतं, पण माझ्या मते खरी गंमत तिथेच आहे. कारण त्यामुळे नगरसारख्या ठिकाणी, ०२४१ च्या पंचक्रोशीत, कुणीही स्वतःचा एएस नंबर घेऊन बीजीपीच्या जगात एक स्वतंत्र संस्थान म्हणून उभा राहू शकतो. नकाशावर तो आणि टाटा कम्युनिकेशन्स, दोघेही एकेक नंबरच.

आता संस्थान झालं, दोन अपस्ट्रीम घेतले. बाहेर जाणारी रहदारी कुणाकडून पाठवायची हे आपल्या हातात असतं. लोकल प्रेफरन्स वाढवला की झालं. पण नगरकर बघतात व्हिडिओ, म्हणजे खरा लोंढा आत येणारा. आणि आत कुठून यायचं हे समोरचे ठरवतात! आपण फक्त विनवण्या करायच्या. एक विनवणी म्हणजे स्वतःचाच नंबर यादीत तीनचारदा लिहून तो रस्ता लांबचा भासवायचा. समोरच्याने ऐकलं तर ठीक. दुसरी जास्त जालीम: आपला १०२४ पत्त्यांचा ब्लॉक फोडून २५६ चे तुकडे वेगवेगळ्या बाजूंनी जाहीर करायचे. जास्त नेमका पत्ता नेहमी जिंकतो, तिथे विनवणी नाहीच.

ही युक्ती किती जालीम, ते २४ फेब्रुवारी २००८ ला दिसलं. पाकिस्तान टेलिकॉमला यूट्यूब देशापुरतं बंद करायचं होतं. यूट्यूबच्या १०२४ पत्त्यांपैकी २५६ त्यांनी आपले म्हणून जाहीर केले, त्यांच्या अपस्ट्रीमने न तपासता ते जगाला सांगितले, आणि सुमारे दोन तास जगभरच्या लोकांना यूट्यूब दिसेना. नॅपकिनवर विश्वास गृहीत होता, तपासणी नव्हती. म्हणून नगरवाल्याने फिल्टर लावायलाच हवेत. एका अपस्ट्रीमकडून ऐकलेले रस्ते चुकून दुसऱ्याला सांगितले, तर दोन बड्या कंपन्यांची आपसातली रहदारी नगरमार्गे जाऊ पाहील. माळीवाड्याच्या स्टँडवर अख्ख्या महाराष्ट्राच्या एसट्या एकदम आल्या असं समजा.

त्याच वर्षी ३० जानेवारीला दुसरा धडा मिळाला होता, आणि मला तो जास्त महत्त्वाचा वाटतो. इजिप्तच्या अलेक्झांड्रियाजवळ समुद्रात दोन केबल तुटल्या: सी-मी-वी ४ आणि फ्लॅग. पहिलीत व्हीएसएनएलचा वाटा, दुसरी रिलायन्सची. म्हणजे मुंबईत बसून ज्याने दोन वेगळ्या कंपन्या, दोन वेगळी बिलं असा हुशारीचा कारभार केला होता, त्याचे युरोपकडचे दोन्ही रस्ते एकाच दिवशी गेले. बीजीपीने काही चूक केली नाही. त्याला नेटवर्कचे नंबर दिसतात, समुद्र दिसत नाही.

नगरचा समुद्र म्हणजे पुणे रस्ता. दोन्ही कंपन्यांची फायबर त्याच रस्त्याच्या कडेने, कधी कधी एकाच चरातून आलेली असेल, तर एक जेसीबी पुरतो. राउटर दोन्ही सेशन पडल्याचं इमानदारीत लॉगमध्ये लिहितो, बस्स.

खरं तर एकाच दिशेवर विसंबायचं नाही हे या शहराला फार जुनं आहे. निजामशाहीत इथे पाणी खापरी नळांनी यायचं, आणि कापूरवाडी, वडगाव अशा वेगवेगळ्या बाजूंनी यायचं. आजही भूगोल साथ देतो. १८७८ चा दौंड-मनमाड लोहमार्ग नगरवरून जातो, म्हणजे एक वाट दक्षिणेला दौंडकडे, दुसरी उत्तरेला मनमाडकडे, आणि दोन्ही पुढे मुंबईला पोचतात. रेल्वेकडेने फायबर टाकण्यासाठी रेलटेल ही सरकारी कंपनी २००० सालीच निघाली. पॉवरग्रिड तर विजेच्या मनोऱ्यांवरून फायबर नेते, तिथे जेसीबी पोचत नाही.

तेव्हा दुसरा अपस्ट्रीम घेताना दर आणि एमबीपीएस विचारायच्या आधी त्यांच्या फायबरचा नकाशा मागा. "तो गोपनीय असतो साहेब" असं उत्तर आलं, तर निदान एवढं विचारा: तुमची लाईन सुप्याकडून येते की राहुरीकडून?