फराहबाग : पाण्याविना पोरका जलमहाल

अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) शहराच्या आग्नेयेस, सोलापूर रस्त्यालगत फराहबाग ही निजामशाहीच्या वैभवाची साक्ष देणारी वास्तू उभी आहे. 'फराहबख्श' म्हणजे आनंद देणारी. स्थानिक लोक तिला 'फऱ्याबाग' म्हणतात. विस्तीर्ण चौकोनी तळ्याच्या मधोमध हा अष्टकोनी महाल बांधलेला आहे.

मुर्तझा निजामशहा पहिला (कारकीर्द १५६५ ते १५८८) याच्या काळात ही वास्तू आकारास आली. न्यामतखानाच्या देखरेखीखाली उभारलेला पहिला महाल सुलतानाच्या पसंतीस उतरला नाही. तो पाडण्यात आला आणि कर्तबगार वजीर सलाबतखान दुसरा याने नवा महाल १५८३मध्ये पूर्ण केला. शहराजवळच्या डोंगरावरील 'चांदबिबीचा महाल' म्हणून ओळखली जाणारी कबर याच सलाबतखानाची आहे. राज्यकारभारातून मन काढून घेतलेल्या मुर्तझाने आपल्या एकांतवासाचा काही काळ याच बागेत घालवला.

दगड-चुन्याच्या या दुमजली इमारतीला चारही दिशांना उत्तुंग कमानी असून, मध्यभागी घुमटाकार छताचे उंच दालन आहे. गिलाव्यावरील नक्षीचे अवशेष काही ठिकाणी आजही दिसतात. भोवतालच्या तळ्याचे काम केवळ शोभेचे नव्हते. पाण्यावरून येणारा वारा कमानींतून आत शिरून दालने थंड ठेवत असे आणि महालाचे प्रतिबिंब तळ्यात पडत असे.

पर्जन्यछायेतील या कोरड्या मुलखात एवढे पाणी आणणे सोपे नव्हते. निजामशाहीत कापूरवाडी, वडगाव, शेंडी, भिंगार अशा परिसरांतून जमिनीखालील खापरी नळांनी शहराला व बागांना पाणी पुरवले जाई. उताराचा अचूक अंदाज घेऊन केलेल्या या योजनेत पाणी उपसावे लागत नसे. सावेडीकडील हश्त बेहेश्त ही बागही अशाच पाण्यावर फुलली.

कालांतराने नहरांची देखभाल थांबली, नळ फुटले, बुजले. महाल उरला, पण बाग सुकली आणि तळ्याचा हक्काचा पाणीपुरवठा तुटला. फराहबाग केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षित स्मारकांत मोडते. तथापि भिंती जपल्या म्हणजे जलमहाल जपला, असे म्हणता येत नाही. तळे, बाग आणि जमिनीखालचे खापरी नळ हे या वास्तूचेच अवयव आहेत. शहराच्या वाढत्या बांधकामांत या नळांच्या उरल्यासुरल्या खुणाही पुसल्या गेल्या, तर पुढच्या पिढीला माळावरची एक रिकामी इमारत तेवढी दिसेल.