इनामगावची चूल आणि धुराची वाट

शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगावला इ.स.पू. सुमारे १६०० ते ७०० या काळात शेतकऱ्यांची वस्ती होती. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात तेथे उत्खनन केले. ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर आणि अन्सारी यांच्या या कामातून शंभराहून अधिक घरांचे अवशेष उजेडात आले. त्यांत चुली, शेकोटीचे खड्डे, धान्याची पेवे आणि मडकी भाजण्याची मोठी गोल भट्टीही होती.

अवर्षणप्रवण प्रदेशातल्या या गावाचे जगणे विस्तवावर उभे होते. जव, गहू, मसूर यांचे कठीण दाणे शिजल्याशिवाय अंगी लागत नाहीत. मांसही भाजून खाल्ले जाई. भट्टीत भाजलेल्या मडक्यांमुळे धान्य शिजवता आणि साठवता आले. चुलीत पडून कोळसा झालेले दाणे कुजले नाहीत, म्हणूनच ही पिके आज ओळखता येतात. वस्तीचा काळ ठरवण्यासाठीही कोळशातील कार्बन-१४ उपयोगी पडला.

मात्र अन्न शिजवणारी आगच घरात धूरही भरते. धुरातले सूक्ष्म कण डोळे व फुफ्फुसे बिघडवतात. बंद खोलीत शेगडी धुमसत राहिली, तर कार्बन मोनॉक्साइडने झोपेतच जीव जातो. या वायूला रंग नसतो, वासही नसतो.

शेजारच्या दौंडमध्ये आगीचा मोठा धंदा वाढला तो उसामुळे. खडकवासला धरण १८७९ साली पूर्ण झाले. मुठा कालव्याच्या पाण्याने ऊस आला आणि त्याबरोबर गुऱ्हाळे आली. गुऱ्हाळात काहिलीखालच्या चुलाणात वाळलेली चिपाडे जाळतात आणि धूर उंच धुराड्यातून वर जातो. त्यामुळे काहिलीशी उभ्या गुळव्याच्या नाकातोंडात तो कमी जातो. चिपाडांऐवजी प्लास्टिक किंवा रबर जाळले, तर मात्र धूर विषारी होतो आणि आसपासच्या वस्तीला भोवतो.

स्वयंपाकघराच्या वाट्याला धुराडे क्वचितच आले. तिथला धूर पिढ्यान्‌पिढ्या बायकांनी आणि त्यांच्या कडेवरच्या मुलांनी सोसला. २०१६ साली उज्ज्वला योजना सुरू झाली आणि गरीब घरांत गॅस पोहोचू लागला. तरीही घरातल्या धुराने २०२० साली जगभरात सुमारे ३२ लाख मृत्यू झाल्याचा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. आगीने माणूस जगवला हे खरे. पण धुराला घराबाहेरची वाट करून देणे हेही जगण्याइतकेच निकडीचे काम आहे, आणि ते अजून पुरे झालेले नाही.